रॅन्समवेअर

रॅन्समवेअर : संगणकातील माहिती अडवून धरून तिच्या सुटकेसाठी खंडणी मागणाऱ्या विघातक आज्ञावलींचे सामान्य नाव. अशी आज्ञावली संगणकात शिरल्यावर त्यातील फायलींचे सांकेतिक लिपीत रूपांतर करते. त्या पूर्ववत करण्याची किल्ली हल्लेखोराजवळच राहते. फसव्या ई-मेलला जोडलेली फाइल, सहज ओळखता येणारा पासवर्ड आणि प्रणालीतील न बुजविलेल्या उणिवा हे तिच्या शिरकावाचे मुख्य मार्ग होत.

इतिहास : या प्रकाराचे पहिले ज्ञात उदाहरण १९८९ मधील आहे. जोसेफ पॉप या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सु. २०,००० फ्लॉपी टपालाने पाठविल्या व पनामातील पत्त्यावर १८९ डॉलरची मागणी केली. कुलूप व किल्ली एकच असल्याने ही सांकेतिक रचना तज्ञांना उलगडता आली. कुलूप लावण्याची व उघडण्याची किल्ली वेगळी ठेवल्यास मात्र हा उपाय चालणार नाही, हे ॲडम यंग व मोटी युंग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. बिटकॉइनमुळे खंडणी घेणाऱ्याचा माग काढणे अवघड झाले व २०१३ मधील ‘क्रिप्टोलॉकर’पासून हा गुन्हा किफायतशीर धंदा बनला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सु. १५० देशांतील संगणक ग्रासले. त्याने वापरलेली उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच प्रसृत केली होती.

महाराष्ट्रातील घटना : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीतून फैलावलेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क ही डॅनिश नौवहन कंपनी ठप्प केली. तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावा-शेवा बंदरातील (रायगड जिल्हा) टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. नॉटपेट्याचा हेतू मुळात विध्वंसाचा असल्याने खंडणी भरूनही माहिती परत मिळणे शक्य नव्हते. मर्स्कच्या जाळ्याची मध्यवर्ती नोंद वाचली ती घानातील कार्यालयात. वीज गेल्यामुळे तेथील संगणक हल्ल्याच्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे कामकाज अशाच हल्ल्याने खोळंबले. तेथेही जाळ्याच्या वेगळ्या भागातील प्रती सुरक्षित राहिल्या. घानात योगायोगाने जे घडले, ते येथे व्यवस्थेमुळे साधले.

संरक्षण : महत्त्वाच्या माहितीच्या प्रती नियमितपणे काढून त्यांपैकी एक तरी संगणकापासून पूर्णतः अलग ठेवणे, हा मुख्य उपाय होय. कायम जोडून ठेवलेली डिस्क मूळ फायलींबरोबरच बाधित होते. प्रतीवरून माहिती खरोखर परत मिळते की नाही, हेही अधूनमधून पडताळावे लागते. प्रणालीच्या दुरुस्त्या वेळेवर बसविणे, दुहेरी ओळखपडताळणी वापरणे व अनोळखी फाइल न उघडणे हे पूरक उपाय आहेत. बाधा दिसताच संगणक जाळ्यापासून तोडावा लागतो. खंडणी दिल्याने किल्ली मिळेलच, याची शाश्वती नसते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ नुसार अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. बीडसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात जमिनीचा पुरावा व पीककर्ज संगणकीय नोंदींवर अवलंबून असल्याने, त्यांची अलग ठेवलेली प्रत हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही.