फुप्फुसांतील रक्ताची वाट

वऱ्हाडांतील कारंजा लाड हें गांव श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांची कीर्ति मात्र विद्वानांपुरतीच राहिली. बासनांत बांधलेल्या तेथील अपभ्रंश पोथ्या १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांच्या सूचींत नोंदल्या गेल्या आणि विस्मृतींत गेलेल्या एका वाङ्मयास पुन्हा उजेड मिळाला.

असाच योग १९२४ च्या सुमारास जर्मनींत घडून आला. तातावी नांवाच्या इजिप्शियन वैद्यानें बर्लिनच्या ग्रंथालयांतील एक अरबी पोथी अभ्यासिली आणि वैद्यकाच्या इतिहासांतील एक पान नव्यानें लिहावें लागलें.

दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गॅलन याचें मत असें होतें कीं, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतील रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यांत झिरपतें. हजार वर्षें वैद्यांनीं तें शिरोधार्य मानलें. परंतु कैरो येथें ख्याति पावलेल्या इब्न अल्-नफीस यानें १२४२ सालीं निःशंकपणें लिहिलें कीं, तो पडदा घट्ट आहे. रक्त उजव्या कप्प्यांतून फुप्फुसांत जातें, तेथें वायूशीं मिसळतें आणि मग डाव्या कप्प्यांत येतें. हीच ती बर्लिनची पोथी.

युरोपांत हा विचार सर्व्हेटस याच्या १५५३ सालच्या ग्रंथांत छापला गेला. त्या ग्रंथांतील धर्ममतांपायीं त्याच वर्षीं जिनीव्हा येथें त्यास जिवंत जाळण्यांत आलें. १६२८ सालीं हार्वे यानें रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, पण धमनी व शीर यांस जोडणारा दुवा त्यास दिसला नाहीं. तो मालपीघी यानें १६६१ सालीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें दाखविला. त्याच केशवाहिन्या होत.

वाट कळली, तरी त्या वाटेवरील दाब कळण्यास आणखी पावणेतीनशें वर्षें लोटलीं. १९२९ सालीं फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरानें स्वतःच्याच दंडाच्या शिरेंतून हृदयापर्यंत नळी सरकविली आणि तशा स्थितींत चालत जाऊन क्ष-किरणांचें छायाचित्र घेतलें. पुढें कूर्नान व रिचर्ड्स यांनीं तिचा उपयोग दाब मोजण्याकडे केला. १९५६ सालीं तिघांसहि नोबेल पारितोषिक मिळालें.

हा दाब मोजण्याची निकड सिस्टेमिक स्क्लेरोसिस या रोगांत विशेष भासते. त्यांत त्वचा कठीण होते, थंडींत बोटें पांढरीं-निळीं पडतात, आणि कांहीं रोग्यांत फुप्फुसांतील सूक्ष्म धमन्याहि अरुंद होतात. हृदयाचा उजवा कप्पा मुळांत थोड्या दाबासाठींच घडलेला असतो. त्यावर भार पडतो, तो जाड होतो व अखेर फुगतो. जिना चढतांना लागणारा दम वयाचा दोष म्हणून सोडून दिला जातो आणि उपचाराचा काळ निसटतो.

येथें चुंबकीय चित्रण साहाय्यास येतें. १९७३ सालीं लॉटरबर यानें चुंबकीय अनुनादावरून चित्र मिळविण्याची रीति दाखविली. मॅन्सफील्ड याच्या कार्यासह तीस २००३ सालचें नोबेल लाभलें. क्ष-किरणांवांचून ही रीति उजव्या कप्प्याचें आकारमान, त्याच्या भिंतीचें वजन आणि फुप्फुसधमनींतील प्रवाहाचा वेग दाखविते. निदानाचा अंतिम निर्णय मात्र अजूनहि नळीनेंच करावा लागतो, कारण चित्र दाब प्रत्यक्ष मोजीत नाहीं. शिवाय असें चित्र वाचणारे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरींच भेटतात. कारंजासारख्या गांवच्या रोग्यास तेथवर वेळींच पाठविणें, हें पहिल्या वैद्याच्या सावधपणावर अवलंबून राहतें.

या चित्रांत डॉक्टर जी एक खूण शोधतात, ती मधल्या पडद्याची. उजवीकडील दाब वाढला म्हणजे तो डावीकडे चपटा होतो. ज्या पडद्यांत गॅलनला छिद्रें भासलीं आणि जो घट्ट असल्याचें इब्न अल्-नफीस यानें सांगितलें, तोच पडदा आज रोग्याची अवस्था सांगत आहे. बासनांतील पोथी काय किंवा शरीरांतील पडदा काय, दोन्हीं बोलतातच. त्यांकडे वेळींच लक्ष देणारा मात्र पाहिजे.