डेटा टिकतो कशावर? अवकाश-भौतिकीतल्या सामायिक नोंदींची गोष्ट

चुंबकीय वादळांवर संशोधन करायचं ठरवलंत, तर पहिल्या आठवड्यातच तुम्ही दोन फाइल्स उतरवून घ्याल. एक क्योटोहून मिळणारा डीएसटी निर्देशांक. कमी अक्षांशांवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नेहमीपेक्षा किती घटलं, याचा हा तासागणिक आकडा. दुसरी फाइल नासाच्या ओम्नी संचातली, सौरवाऱ्याची. दोन्ही फुकट आणि पाच मिनिटांत हातात. पण डीएसटीच्या त्या एका आकड्यामागे होनोलुलू, सान हुआन, दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस आणि जपानमधलं काकिओका अशा चार वेधशाळा आहेत. ओम्नीमागे वेगवेगळ्या काळातले अनेक उपग्रह आहेत. एवढ्या लांबलांबच्या नोंदी एका तक्त्यात आल्या कशा?

हा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डेटा वाटणाऱ्या यंत्रणा येतात आणि बंद पडतात. नोंद कशी करायची, तिचं वर्णन कसं लिहायचं आणि प्रत कुठे ठेवायची, याबद्दल झालेले करार मात्र टिकतात. तुमच्या प्रबंधाचा पायाही त्यावरच उभा राहणार आहे, म्हणून हे आधीच समजून घेतलेलं बरं.

एकाच घड्याळावर

सुरुवात जर्मनीतल्या गॉटिंगेनपासून करू. १८३० च्या दशकात कार्ल फ्रिडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी चुंबकीय निरीक्षकांचा एक संघ उभा केला. ठरलेल्या दिवशी सगळ्या वेधशाळांनी दर पाच मिनिटांनी सुईची स्थिती लिहायची, आणि तीही गॉटिंगेनच्या वेळेनुसार. मग सगळे आलेख एकाखाली एक छापायचे. सुईची थरथर स्थानिक आहे की खंडभर एकदमच होते, हे त्यातूनच कळणार होतं. पुढे ब्रिटिशांनी टोरोंटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट इथे वेधशाळा काढल्या, तिथेही हीच वेळ पाळली गेली.

बघा, ना तारायंत्राचं जाळं, ना कुठला संगणक. तरी ही वितरित डेटाची यंत्रणाच होती. ती चालली, कारण सगळ्यांनी 'केव्हा' आणि 'कसं' हे आधी ठरवून घेतलं होतं.

कुलाब्याचं रजिस्टर

मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्याला आज आपण कॅरिंग्टन वादळ म्हणतो, ते पृथ्वीवर आदळलं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटत असे. ती कागदाबाहेर गेली. कुलाब्यात माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती, म्हणून तिथे वादळाचा तळ नोंदला गेला. क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं.

हे रजिस्टर जपलं गेलं. त्यामुळे २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्षसिंग लखिना व सोबना अ‍ॅलेक्स यांना या वादळाची तीव्रता मोजता आली. त्यांचा डीएसटीचा अंदाज उणे १७६० नॅनोटेस्ला होता. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच नोंदींची तासाची सरासरी काढली, तर आकडा उणे ८५० च्या आसपास आला. रजिस्टर तेच, पण उत्तर निम्म्यावर! आता तुम्ही म्हणाल, खरं कोणतं? आधी हे विचारा: आकडा क्षणिक वाचनाचा आहे की सरासरीचा? डीएसटी मुळातच तासाचा निर्देशांक आहे, म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही.

कुलाब्याची आणखी एक गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय वाचनं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. नानाभाई मूस संचालक असताना १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. त्या दुहेरी मेहनतीमुळेच आज कुलाबा-अलिबाग ही सलग मालिका म्हणून वापरता येते.

शीतयुद्धात वाटलेल्या प्रती

पुढचा मोठा टप्पा म्हणजे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष, १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८. याच काळात स्पुटनिक उडाला आणि व्हॅन अ‍ॅलन पट्टे सापडले. डेटासाठी जागतिक केंद्रं ठरली: 'ए' अमेरिकेत, 'बी' सोव्हिएत संघात, 'सी' पश्चिम युरोप आणि जपानमध्ये. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले देश एकमेकांच्या वेधशाळांच्या प्रती सांभाळत होते. एक केंद्र जळालं किंवा राजकारणात अडकलं, तरी नोंदी जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार. मागणाऱ्याने फक्त प्रत काढण्याचा खर्च द्यायचा. डीएसटीची मालिका १९५७ पासून सुरू होते, हा योगायोग नाही. मुंबईचं भूचुंबकत्वाचं जागतिक डेटा केंद्रही याच परंपरेतलं.

तारांवरून डेटा

मायक्रोफिल्म आणि टेपची पार्सलं यायला आठवडे लागत. डिसेंबर १९८१ मध्ये नासाच्या हंट्सव्हिल इथल्या मार्शल केंद्रातून 'स्पॅन' हे संगणकजाळं सुरू झालं, तेव्हा त्यावर तीनच ठिकाणं होती. दशकाच्या शेवटापर्यंत ती हजारोंवर गेली. फाइल पाठवा, निरोप पाठवा, दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकावर काम करा, सगळं शक्य झालं.

पण जाळं चालवणं म्हणजे रोजची राखण. ऑक्टोबर १९८९ मध्ये, गॅलिलिओ यान सुटायच्या ऐन तोंडावर, 'वँक' नावाचा वर्म या जाळ्यात शिरला. त्याची एक वाट अगदी साधी होती: ज्या खात्यांचं नाव आणि पासवर्ड एकच, ती खाती. वितरित यंत्रणेत सगळ्यात निष्काळजी केंद्र जेवढं सुरक्षित, तेवढीच बाकीची सुरक्षित.

जाळं मिळालं तरी प्रत्येक गटाच्या फाइलची मांडणी वेगळी, हा प्रश्न उरलाच. १९७० च्या दशकाअखेरीपासून नासाच्या अवकाश विज्ञान डेटा केंद्राने कार्यशाळा भरवल्या. एक वादळ निवडायचं, प्रत्येकाने आपला डेटा आणायचा, तो एका संचात भरायचा आणि सगळ्यांनी मिळून बघायचा. या मेहनतीतून दोन गोष्टी रुजल्या. एक, १९८५ च्या सुमाराचं सीडीएफ हे स्वरूप, ज्यात आकड्यांबरोबर त्यांचं वर्णनही त्याच फाइलमध्ये राहतं. दुसरी, आज आपण सर्रास वापरतो ते सीडीएवेब. त्याच्या नावात त्या कार्यशाळांचंच नाव आहे.

आभासी वेधशाळा: काय गेलं, काय राहिलं

२००० नंतर नवी कल्पना आली. डेटा जिथे आहे तिथेच राहू दे, फक्त सगळीकडे एकदम शोधता येईल असं दार बांधू. चुंबकावरणासाठी एक, सौरवाऱ्यासाठी एक, सूर्यासाठी एक अशा आभासी वेधशाळा निघाल्या. सूर्याची आजही चालते. बाकीच्या बऱ्याच आज चालू नाहीत. अशा दाराला सतत देखभाल लागते. एखाद्या केंद्राने पत्ता किंवा फाइलचं नाव बदललं, की मधला दुवा तुटतो. तो जोडायला माणूस लागतो, आणि मंजूर निधीला मुदत असते.

पण त्या प्रयत्नासाठी जुळवलेली स्पेस ही वर्णनाची परिभाषा राहिली. २०१८ मध्ये कोस्पारने हापी या साध्या नियमसंचाची शिफारस केली. त्यात सर्व्हर कोणाचाही असो, डेटा मागायची पद्धत एकच. गाउसने वेळेबाबत जे केलं, तेच इथे मागणीबाबत केलं गेलं.

मग तुम्ही काय करायचं?

१. आलेख काढण्याआधी फाइलचं वर्णन वाचा. ओम्नीमध्ये नोंद नसेल तिथे ९९९९.९९ सारखे आकडे भरलेले असतात. ते न काढता सरासरी घेतलीत, तर चुंबकीय क्षेत्र भलतंच येईल.

२. निर्देशांक-पद्धती तपासा. जीएसई आणि जीएसएममध्ये चुंबकीय क्षेत्राचा बीझेड घटक वेगळा येतो, आणि वादळाचं सगळं गणित त्याच्या चिन्हावर फिरतं.

३. आवृत्ती लिहून ठेवा. क्योटोचा डीएसटी तात्काळ, तात्पुरता आणि अंतिम अशा टप्प्यांत येतो. दोन वर्षांनी परीक्षक विचारतील, तेव्हा कोणता वापरला हे सांगता आलं पाहिजे. डेटा उतरवल्याची तारीखही लिहा.

४. तुम्ही स्वतः नोंदी घेतल्यात तर वेळ, एकक, उपकरण आणि गाळलेल्या जागा त्याच फाइलमध्ये लिहा. प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

५. ज्यांचा डेटा वापरला, त्या वेधशाळेचं आणि केंद्राचं नाव शोधनिबंधात जरूर द्या. पुढचा निधी मागताना त्यांना हीच नोंद दाखवावी लागते.

कुलाब्यात त्या दिवशी आकडे लिहिणाऱ्याला १४४ वर्षांनी ते कोण वाचणार याची कल्पना असणं शक्य नव्हतं. तरी वेळ, वाचन आणि उपकरण त्याने नीट लिहिलं, म्हणून आपण आज त्यावर वाद तरी घालू शकतो. आज डीएसटीची फाइल उतरवलीत, तर आकड्यांकडे वळण्याआधी तिच्या स्वरूपाचं वर्णन एकदा सावकाश वाचून काढा.