बन्यिपची गोष्ट नेमकी कोणाची?

ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर एका आदिवासी लेखकाचा चेहरा आहे. डेव्हिड युनायपॉन. त्याच्यावर अन्याय कसा झाला ते सांगतो, पण आधी पाण्यातल्या भुताकडे येऊ.

बन्यिप हा शब्द आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा. डोहात, दलदलीत राहणारा, रात्री ओरडणारा, माणूस ओढून नेणारा जीव. दिसतो कसा, यावर दोघांचं एकमत नाही. १८४५ मध्ये जिलाँगच्या पेपरात हे नाव छापून आलं आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना वेडच लागलं. १८४७ मध्ये सिडनीच्या संग्रहालयात 'बन्यिपची कवटी' मांडली, बघायला ही गर्दी! जाणकारांच्या मते ती व्यंग असलेल्या जनावराच्या पिल्लाची होती. पण बन्यिप काही जाईना. तो मुलांच्या पुस्तकांत शिरला. १९७३ च्या जेनी वॅग्नरच्या गोष्टीत तर तो बिचारा 'मी दिसतो कसा?' असं सगळ्यांना विचारत फिरतो.

मरे नदीच्या मुखाकडे नरिन्जेरी लोक राहतात. त्यांच्याकडे असाच जीव आहे, मुल्यावोंक. पोरांनी एकट्यानं पाण्यात उतरू नये, कुणी हावरटासारखे मासे मारू नयेत, म्हणून त्याची गोष्ट सांगायची. नदीचा कायदाच म्हणा ना.

युनायपॉन याच नरिन्जेरी समाजातला, जन्म १८७२ चा. मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्रात सुधारणा करून १९०९ मध्ये पेटंट मागणारा डोकेबाज माणूस. १९२० च्या दशकात त्यानं आदिवासींच्या कथा गोळा करून इंग्रजीत लिहिल्या आणि प्रकाशकाला दिल्या. प्रकाशकानं ते हस्तलिखित विल्यम रॅमसे स्मिथ नावाच्या डॉक्टरला विकलं. १९३० मध्ये लंडनहून पुस्तक निघालं, लेखक म्हणून नाव स्मिथचं. युनायपॉनचा उल्लेखसुद्धा नाही! तो १९६७ मध्ये गेला. १९९५ मध्ये नोटेवर चेहरा आला, पण पुस्तक त्याच्या स्वतःच्या नावानं यायला २००१ उजाडलं. म्हणजे सरकारनं नोटेवर छापलेल्या लेखकाला त्याचं पुस्तक मिळायला आणखी सहा वर्षं लागली.

आता चित्र बदलतंय. वान्यी समाजातल्या अॅलेक्सिस राइट यांची 'कार्पेंटेरिया' ही कादंबरी २००६ ची. सुरुवातीलाच एक प्रचंड सर्प येतो आणि सरपटत सरपटत नद्या घडवतो. पुढच्याच वर्षी तिला तिथला मानाचा माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला. वाचायला जड आहे, पण कुठं हाती लागली तर सोडू नका.