फुप्फुसातली गाठ साधी की कॅन्सरची? स्कॅनवरून कसं ओळखतात

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ हा शब्द दिसला की घरात सगळे घाबरतात. नोड्यूल म्हणजे फुप्फुसातला ३ सेंटीमीटरपर्यंतचा ठिपका. बहुतेक नोड्यूल कॅन्सरचे नसतातच. अमेरिकेतल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायलमध्ये (२०११) सीटीवर संशयास्पद ठरलेल्या दर १०० निकालांपैकी सुमारे ९६ वेळा कॅन्सर निघाला नाही.

सीटीचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे हौन्सफील्ड युनिटमधला एक आकडा: हवा उणे १०००, पाणी ०. गाठीत चरबी असेल किंवा कॅल्शियम एकसारखं भरलेलं असेल, तर ती बहुधा साधी. काटेरी कड दिसली तर संशय वाढतो.

आपल्याकडे खरी पंचाईत टीबीची. बऱ्या झालेल्या टीबीचा वण नोड्यूलसारखा दिसतो आणि चालू टीबी पेट स्कॅनवर कॅन्सरसारखाच चमकू शकतो.

मग एआय? मुंबईच्या क्युअर.एआयचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेवर नोड्यूल दाखवतं, पण ते ‘इथे नीट बघा’ एवढंच सांगतं. पुढे सीटी, गरज पडली तर बायॉप्सी. इंजिनिअरिंगचे बरेच प्रोजेक्ट एलआयडीसी या १०१८ स्कॅनच्या अमेरिकी डेटासेटवर होतात. त्यातला कॅन्सरचा शिक्का बहुतेक वेळा बायॉप्सीचा नाही, तर रेडिओलॉजिस्टनी १ ते ५ मध्ये दिलेला अंदाज आहे! त्यामुळे ‘९५ टक्के ॲक्युरसी’ वाचून मी तरी हुरळत नाही.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वाढ. ८ मिलिमीटरची गाठ १० ची झाली तर फरक किरकोळ वाटतो, पण १.२५ चा घन करा: आकारमान जवळपास दुप्पट! घट्ट, कॅन्सरच्या गाठीला दुप्पट व्हायला साधारण ४०० दिवसांपेक्षा कमी लागतात. दोन वर्षं जशीच्या तशी राहिलेली घट्ट गाठ बहुधा साधी असते. म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगतात.

इथेच घोळ होतो. आमच्या चांद्यातल्या एका काकांकडे दुसऱ्या स्कॅनच्या वेळी पहिल्याचा फक्त व्हॉट्सॲप फोटो उरला होता. फिल्मच्या फोटोत ते आकडे राहत नाहीत, मापही धड घेता येत नाही. त्यामुळे असा फोटो एखाद्या ॲपला देऊन ‘कॅन्सर आहे का’ विचारण्यातही अर्थ नाही. स्कॅन सेंटरवर डायकॉम फाइल्सची सीडी किंवा लिंक मागून घ्या, फाइल्स ड्राइव्हवर ठेवा आणि पुढच्या स्कॅनला जाताना सोबत न्या.