शिंदे, रणधीर

शिंदे, रणधीर : (विसाव्या शतकाचा पूर्वार्ध). ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या दोन भारतीय मल्लांपैकी एक. बेल्जियममधील अँटवर्प येथे १९२० साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्रीस्टाईल कुस्तीच्या फेदरवेट (६० किलो) गटात चौथा क्रमांक मिळवला. परदेशी नोंदींत त्यांचे आडनाव ‘शिंदेस’ असे आढळते.

पार्श्वभूमी : पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने सहा खेळाडूंचा भारतीय संघ अँटवर्पला गेला. त्यात शिंदे व कुमार नवले हे दोन मल्ल, तर फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. त्या काळी कोल्हापूर-सांगलीच्या तालमींपासून माळव्यातील देवास-धारच्या आखाड्यांपर्यंत कुस्ती मातीतच होई. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले, त्याची पाठ मातीला लागली, की निकाल लागे. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर, वजनगटानुसार आणि ठरावीक वेळेत होई. कोणी चीत न झाल्यास पंच निर्णय देत. मातीत घडलेल्या मल्लासाठी हा जवळजवळ नवाच खेळ होता.

कामगिरी : शिंदे यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवून उपांत्य फेरी गाठली. तेथे अमेरिकेच्या सॅम्युअल गर्सनने त्यांना पराभूत केले. कांस्यपदकाच्या कुस्तीत ते ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. या गटाचे सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ल्स अ‍ॅकर्लीने, तर रौप्यपदक गर्सनने पटकावले.

महत्त्व : ऑलिंपिक कुस्तीतील भारताची ही सर्वोत्तम कामगिरी ३२ वर्षे टिकली. १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकून ती मागे टाकली. त्याच स्पर्धेत केशव माणगावे फेदरवेट गटातच चौथे आले. १९७२ साली म्युनिक येथे सुदेश कुमार व प्रेमनाथ यांनाही चौथ्या क्रमांकावर थांबावे लागले. २००८ साली सुशील कुमारने बीजिंगमध्ये कांस्यपदक मिळवेपर्यंत खाशाबांखेरीज एकही भारतीय मल्ल शिंदे यांच्या पुढे गेला नाही. एवढा मोठा पल्ला गाठूनही पदकांच्या यादीत नाव नसल्याने शिंदे विस्मरणात गेले. भारतीय ऑलिंपिक कुस्तीचा इतिहास शिंदे-नवले या जोडीपासूनच सांगायला हवा.