सिलतऱ्यात रुळताना

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी "यंदा तुम्ही काहीतरी लिहाच" असा आग्रह धरला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी पडलो डिप्लोमावाला रेल्वे इंजिनियर. माझे लिखाण म्हणजे गँगच्या हजेरीचे रजिस्टर आणि रुळांच्या तपासणीचे अहवाल. पण "तुम्ही इतिहासाची पुस्तके वाचता ना, मग त्यावरच लिहा" म्हटल्यावर पळवाट राहिली नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या खात्यात एक साधी रीत आहे. रुळाखालची खडी काढून, चाळून पुन्हा भरली की त्यावरून लगेच पूर्ण वेगाने गाडी सोडत नाहीत. आधी ताशी २० किलोमीटर, मग ४५, मग ७५. गाड्यांच्या वजनानेच खडी हळूहळू बसत जाते. नव्या गावी माणूस 'रुळतो' असे आपण म्हणतो. तो शब्द रेल्वेपेक्षा पुष्कळ जुना आहे, पण मला तो आमच्याच खात्यातला वाटतो.

२०१४ च्या जूनमध्ये वर्धा जिल्ह्यातून बदलीवर आम्ही इथे आलो. मी, सौ., दुसरीत जाणारी मुलगी आणि आई. मांढर स्टेशन जवळ पडते म्हणून रायपूर शहरात न राहता सिलतऱ्यालाच दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. पहिल्याच आठवड्यात सौ.ने पांढऱ्या चादरी धुऊन गच्चीवर टाकल्या आणि संध्याकाळी काढल्या तेव्हा त्या राखाडी झाल्या होत्या. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची ही काळी धूळ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याबद्दल मी नवे काय सांगणार? दार-खिडक्या लावून घेतल्या तरी सकाळी फरशीवर अनवाणी पावले उमटतात. बोअरचे पाणी जड, डाळ शिजता शिजत नाही. गॅसची टाकी दुसऱ्या गावाहून नावावर करून घ्यायला पाच खेपा झाल्या. आईने तर आपली लोखंडी पेटी उघडलीच नाही. "कशाले उघडू? दोन वर्सांत जायाचंच आहे," असे तिचे म्हणणे. रोजची दोन लुगडी ती पिशवीतून काढायची आणि पिशवीतच ठेवायची.

मग भाजीबाजार. आई पहिल्यांदा बाजारात गेली आणि "कांदा दे" म्हणाली. भाजीवालीने किलोभर रताळी तोलली. आईने समोरच्या ढिगाकडे बोट दाखवले, तर ती हसून म्हणाली, "ए कांदा आय दाई, ओ गोंदली आय." आई घरी येऊन सांगते कशी, "कांदा मागतला तं रताळं देते बाप्पा! अन् कांद्याले मनते गोंदली!" पुढच्या आठवड्यात जोंधळ्याचा प्रयोग झाला. इथे जोंधरा म्हणजे मका, त्यामुळे घरी चार कणसे आली. हा भाताचा मुलूख, ज्वारीचे पीठ सहजी मिळत नाही. ते आजही आम्ही गावाहून येणाऱ्यांबरोबर मागवतो. उलट मुनग्याच्या शेंगा, लाल भाजी, चेच भाजी, पावसाळ्यातली खेक्सी (आपली कर्टोली) इथे मिळते तशी मला कुठे मिळाली नाही. पताल म्हणजे टोमॅटो, हे कळायला मला स्वतःला महिना लागला.

सर्वांत जास्त घोळ घातला तो पंचांगाने. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे कृष्ण पक्ष आला की आपण एका महिन्यात आणि शेजारी पुढच्या महिन्यात! आमचा आषाढ चालू असताना शेजाऱ्यांचा श्रावण लागला आणि आईचे पहिले सोमवार चुकले की काय म्हणून घरात मोठा वाद झाला. तिथी मात्र त्याच. त्या वर्षी आषाढ अमावास्येला, म्हणजे आपल्या दिव्याच्या अवसेला, आई समया घासत बसली होती. एवढ्यात एक माणूस हातोडी घेऊन आला आणि न विचारता आमच्या दाराच्या चौकटीत खिळा ठोकू लागला. मी धावलो. भाड्याचे घर, मालक काय म्हणेल! शेजारच्या वृद्ध दाईंनी मला थांबवले. तो लोहार होता. इथे त्या दिवशी हरेली असते. शेतकरी नांगर, कुदळी धुऊन पुजतात, दारावर कडुनिंबाची डहाळी लागते, लोहार घराच्या रक्षणासाठी चौकटीत खिळा ठोकतो आणि पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून फिरतात. मी मुकाट्याने त्याला दक्षिणा दिली. त्या दाईंची आणि आईची ओळख झाली ती त्या खिळ्यामुळे.

पुढे पोळा आला. इथे त्याला पोरा म्हणतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी ओढतात, इथे मातीचा नंदिया बइला असतो आणि मुलींसाठी मातीची चूल, जाते, भांडी. माझ्या मुलीला दाईंनी तसा संच आणून दिला, वर ठेठरी आणि खुरमी. आईने पुरणपोळी पाठवली.

पण माझे डोळे उघडले ते दसऱ्याला. संध्याकाळी गँगमधला एक गडी घरी आला, हातात पाने ठेवून पाया पडला आणि म्हणाला, "सोनपत्ती." मला वाटले, आपण मराठी म्हणून बिचारा मुद्दाम घेऊन आला. तसे नव्हते. इथे सगळेच देतात. मग पुस्तके धुंडाळली, तेव्हा या सोन्याचे श्रेय बिंबाजी भोसल्यांना देतात असे वाचनात आले.

बिंबाजी म्हणजे आपल्या आधी इथे बिऱ्हाड केलेला माणूस. १७४१ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरवर आले आणि हैहयवंशी राजा रघुनाथसिंह शरण गेला. आपली माणसे या मुलखात पहिल्यांदा आली ती फौजेबरोबर आणि वसुलीसाठी, हे स्मरणिकेत लिहायला थोडे अवघड वाटते, पण ते खरे आहे. १७५८ मध्ये रघुजींचे पुत्र बिंबाजी रतनपूरला राहायला आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी दरबारात मराठी आणि मोडी लिपी आणली. रतनपूरच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले, त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात. नागपूरजवळचे रामटेक ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. राजाचा मुलगा झाला तरी गावाची आठवण यायचीच! रायपूरच्या दूधाधारी मठाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

त्यांच्यानंतरचे वारस व्यंकोजी बहुतेक नागपूरलाच राहिले आणि इथला कारभार सुभेदारांवर सोपवला. ही सुभेदारी १८१८ पर्यंत चालली. त्याच साली इंग्रज अधिकारी अॅग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. सुभेदारांची नावे आज परीक्षेला बसणारी मुले पाठ करतात, बाकी कोणाच्या तोंडी ती नाहीत. बिंबाजींचे सोने मात्र माझ्या गँगच्या गड्याच्या हातात होते.

त्या काळी नागपूरहून इकडे येणे म्हणजे काय दिव्य असेल! नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये लहानपणी कुटुंबासह रायपूरला आले. वडिलांच्या कामानिमित्त आलेले हे बंगाली बिऱ्हाड बूढापाऱ्यात राहिले. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती, बैलगाडीने जंगलातून पंधरवड्याहून अधिक प्रवास. पुढे नागपूर–छत्तीसगड मीटरगेज लाइन राजनांदगावपर्यंत आली, १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूर ते आसनसोल रूळ जोडले गेले. आज मी ज्या मार्गाची देखभाल करतो तो हाच. भोसल्यांच्या वेळची मराठी घरे तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा अशा वस्त्यांत होतीच, त्यांत रेल्वे, शाळा, कचेऱ्यांतले नवे चाकरमाने येऊन मिळाले. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ चे आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. शिक्षण बिलासपूर-रायपूरला. घरची भाषा मराठी, पण १९०० साली त्यांनी पेंड्राहून मासिक काढले ते हिंदीत, आणि नाव ठेवले 'छत्तीसगढ मित्र'. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सोबती. मासिक तीनच वर्षे चालले. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चा आणि 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद सप्रे यांचाच. १९२६ मध्ये रायपूरलाच त्यांचे निधन झाले.

'छत्तीसगढ मित्र'मध्ये १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. ती हिंदीतील पहिली लघुकथा, असे बरेच अभ्यासक मानतात. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. तिची लहान नात घर सुटल्यापासून जेवत नाही. म्हणून ती म्हातारी चूल घालण्यापुरती टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली उचलायला जमीनदाराचाच हात मागते. त्याला ती उचलत नाही. मी ही गोष्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरगी जेवली का पुढं?"

आता थोडे घरचे. बदलीच्या यादीत माझे नाव आठ वर्षांपूर्वीच नोंदवले होते. यंदा जुलैत माझा नंबर लागला. नागपूरकडे जागा आहे, होकार-नकार कळवायचा आहे. सौ.ला जावेसे वाटते, तिच्या आईचे वय झाले आहे. धुळीने तिचा खोकलाही जात नाही, हे मी नाकारू शकत नाही. मुलगी कॉलेजात गेली. ती मैत्रिणींशी छत्तीसगढीत बोलते आणि नागपूर तिला सुट्टीचे गाव वाटते. माझे मत मला विचारू नका.

एका रात्री जेवताना मी विषय काढला. आई म्हणाली, "तीजा होऊ दे, मंग पाहू." तीजा म्हणजे आपली हरतालिका. इथल्या सासुरवाशिणी त्यासाठी माहेरी येतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, म्हणजे करू भात खातात आणि मग निर्जळी उपास. कामवाली मावशीही माहेरी जाते, म्हणून दर वर्षी ऐन गणपतीच्या तयारीत आमच्याकडे भांड्यांचा ढीग पडतो. दाईंची मुलगी दर वर्षी येते आणि करू भाताला आईचे पान त्यांच्याकडेच असते. कारली आई आपल्या पद्धतीने, चिंच-गूळ घालून करून नेते. "गूळ टाकला तर ते करू कसं होईल?" यावर दोघी म्हाताऱ्यांचे गेली दहा वर्षे भांडण चालू आहे.

गेल्या रविवारी मंडळाची मंडळी थनौदच्या मूर्तिकाराकडे मूर्ती ठरवायला गेली होती, मीही गेलो. परत आलो तर आईची लोखंडी पेटी ओसरीत उघडी होती. कपडे आत नव्हते, ते केव्हाच कपाटात गेले आहेत. पेटीत आई आणि दाई मिळून ठेठरीचे डबे लावत होत्या. उंदीर फार झालेत म्हणे.

बदलीचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुदत विसर्जनानंतरच्या सोमवारपर्यंत.