ट्रॅक्टर धूर सोडतोय? इंजिन खोलण्याआधी धुराचा रंग ओळखा

शेतात वाफसा आलेला असतो, रोटाव्हेटर मारून पेरणी उरकायची असते आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर धूर ओकू लागतो. बघणारा कोणीतरी लगेच सांगतो, "इंजिन कामाला आलं." इंजिन खोलले की रिंग, लायनर, बेअरिंगचा खर्च येतो. शिवाय ऐन हंगामात ट्रॅक्टर मेकॅनिककडे अडकतो आणि तोवर वाफसा निघून जातो. मी कृषी पदवीधर आहे, फिटर नाही. पण बांधावर फिरताना पिकाइतकेच ट्रॅक्टरबद्दलही विचारले जाते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. धुराचे कारण अनेकदा इंजिनाच्या पोटात नसते, ते एअर क्लिनर, डिझेल किंवा ऑइलच्या पातळीत असते. ते तपासायला फारसा खर्च येत नाही.

धूर का येतो?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्यात इंजेक्टरने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. १ लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १० हजार लिटर हवा लागते. हवा कमी पडली, डिझेल जास्त झाले किंवा फवारा नीट पडला नाही तर काळा धूर येतो. डिझेल न पेटताच बाहेर पडले किंवा आत पाणी शिरले तर पांढरा धूर येतो. इंजिन ऑइल जळू लागले तर निळा धूर येतो.

धूर पाहताना इंजिन चांगले गरम होऊ द्या. सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर आणि अचानक रेस दिल्यावर काळ्या धुराचा एखादा झोत येणे नेहमीचे आहे. सतत येणारा धूर हा आजार समजा.

काळा धूर : आधी हवा, मग बोजा, मग डिझेल

१. एअर क्लिनर. ऑइल बाथ प्रकारात खालची वाटी काढून पाहा. तळाशी चिखलाचा थर बसला असेल तर ऑइल टाकून द्या, वाटी व जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या आणि खुणेपर्यंतच नवे ऑइल भरा. धुळीच्या कामात ही वाटी रोज पाहावी. कोरडा फिल्टर असेल तर तो टायरवर आपटू नका. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारा. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचा असतो.

२. होस पाइप. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरमध्ये टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा पाइप फाटला किंवा क्लिप सैल झाली तर हवेचा दाब बाहेर निघून जातो आणि काळा धूर येतो.

३. बोजा. अवजार उचलून ट्रॅक्टर मोकळा चालवा. धूर थांबला तर एक गिअर खाली घ्या, रोटाव्हेटरची खोली कमी करा. ओल्या काळ्या जमिनीत खोल लावलेले अवजार इंजिनाला दाबून टाकते. अशा वेळी दोष इंजिनाचा नसतो.

४. इंजेक्टर. वरचे सर्व ठीक असूनही धूर राहिला तर इंजेक्टर काढून टेस्टरवर तपासून घ्या. नोझलमधून बारीक तुषार पडायला हवेत. थेंब गळत असतील किंवा एकच धार पडत असेल तर नोझल बदलावे लागते.

५. डिझेल पंप. जास्त ताकद मिळावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले जाते. हवा तेवढीच राहते, त्यामुळे जादा डिझेलचा मोठा भाग काजळी होऊन बाहेर जातो. पंपाचे सील तोडू देऊ नका. आधीच तुटले असेल तर पंप कॅलिब्रेशन करून मूळ मापावर आणा.

पांढरा धूर : डिझेल की पाणी?

आधी वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर डिझेल न जळता बाहेर येत आहे. असे असेल तर डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढा आणि काही वेळ स्थिर ठेवा. पाणी तळाशी वेगळे दिसेल. तसे असल्यास टाकीचा गाळ काढा, फिल्टर बदला आणि डिझेल लाइनमधील हवा काढा. पाणी नसेल तर गळणारा इंजेक्टर, चुकलेले पंपाचे टायमिंग किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांचा विचार करावा.

झोंबणारा वास नसेल, धूर वाफेसारखा हवेत लगेच विरत असेल आणि रेडिएटरचे पाणी बाहेर न गळता कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा गेल्याची शक्यता असते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढा, इंजिन सुरू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. त्या क्षणी ट्रॅक्टर बंद ठेवा. तसाच चालवला तर बेअरिंग जाते.

निळा धूर : घाई करू नका, पण दुर्लक्षही नको

निळा धूर दिसला म्हणजे रिंग गेल्या, असे लगेच मानू नका. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने डिपस्टिक पाहा.

• ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचे काढा. न भरताच पातळी वाढली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा डिझेल पंपाचे सील गळत असू शकते. ते दुरुस्त करून ऑइल बदला.

• ऑइल बाथमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑइल असेल तर इंजिन ते ओढून घेते आणि निळा धूर येतो.

• रात्रभर उभ्या ट्रॅक्टरने सुरू होताना निळा झोत सोडला आणि नंतर धूर कमी झाला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांच्या सीलकडे बोट जाते.

• बोजा असताना सतत निळा धूर येतो, ब्रीदरमधून जोरात वाफा येतात आणि ऑइल वारंवार भरावे लागते, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रिंग-लायनर झिजले आहेत. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि आकडा पाहूनच इंजिन खोलण्याचा निर्णय घ्या.

काळ्याचा निळा कसा होतो?

काळा धूर फक्त डिझेल वाया घालवतो असे वाटते. पण न जळलेले जादा डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून ऑइल पातळ करते. एअर क्लिनरच्या पुढचा पाइप फाटलेला असेल तर त्यातून धूळ थेट आत जाते आणि रिंग-लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. वाटी साफ करण्याचा, पाइप बदलण्याचा छोटा खर्च टाळला की पुढे इंजिनाचा मोठा खर्च दारात येतो.

हे धोके लक्षात ठेवा

• इंजेक्टरच्या पाइपमधील गळती हाताने चाचपू नका. जास्त दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जा आणि काय झाले ते डॉक्टरांना सांगा.

• भारतात ५० एचपीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ निकष लागू झाले आहेत. यातील कॉमन रेल इंजिनाच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर तपासण्याची जुनी पद्धत वापरू नका. त्याची तपासणी कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातच करावी.

• इंजिन ऑइल ओढू लागले तर कधी कधी स्टॉप ओढूनही बंद होत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी माणसे दूर करा. सुरक्षितपणे पोहोचता येत असेल तरच हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करा. हात किंवा कापड लावू नका, ते आत ओढले जाते.

• शेडमध्ये दार बंद करून इंजिन चालवू नका.

मेकॅनिकला काय सांगाल?

ट्रॅक्टरमध्ये एक छोटी वही ठेवा. मीटरचे तास, ऑइल किती आणि कधी भरले, फिल्टर कधी बदलला, एवढेच लिहा. धूर दिसला की त्याचा रंग, इंजिन थंड होते की गरम, बोजा होता की नाही, हेही नोंदवा. "धूर येतोय" असे सांगितले तर मेकॅनिक अंदाजाने सुरुवात करतो. "गरम इंजिन, बोजावर काळा धूर, एअर क्लिनर साफ आहे, अवजार उचलले तरी थांबत नाही" असे सांगितले तर तो थेट इंजेक्टरकडे जातो. तुमचा दिवस वाचतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

हंगाम सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात एअर क्लिनर, डिझेल फिल्टर, ऑइलची पातळी आणि होस पाइप ही चार ठिकाणे पाहून ठेवा. वाफसा फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तो आला की ट्रॅक्टर शेतात हवा.